कोकणात बर्फ पडत नाही, मग छोट्या विमानाला इथल्या थंडीचा कसला धोका?

वेंगुर्ल्याच्या हवेतसुद्धा इंजिनात बर्फ धरतो असं तुमचा भाचा म्हणाला आणि तुम्ही त्याला वेड्यात काढलंत. पोरगा बरोबर बोलतोय. मी तर म्हणेन, या एका बाबतीत कॅनडातल्या उणे 20 पेक्षा आपली 18-20 अंशांची दमट सकाळ जास्त वाईट.

लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याचा सिलिंडर पाहिलाय? मोठ्या शेगड्या तासभर भडकल्या की सिलिंडरवर खालून पांढरा थर धरतो, तोही ऐन मे महिन्यात. आतल्या गॅसची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतं तिथे, तेच. पेट्रोलची वाफ होते, शिवाय हवा अरुंद गळ्यातून जाताना गार पडते. दोन्ही मिळून तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकतं. हवेत बाष्प असलं की ते तिथेच गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उणे 20 च्या हवेत गोठायला फारसं पाणीच नसतं.

मी कॅनडात, मॅनिटोबात विमान चालवायला शिकत होतो. ऑक्टोबरची ओली सकाळ, बाहेर 10-12 अंश. उतरायला पॉवर कमी केली आणि कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब ओढायला विसरलो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू घसरले. मला वाटलं आपलाच हात सैल पडला, म्हणून थ्रॉटल पुढे सरकवला. थोड्या वेळाने इंजिन खोकायला लागलं. शेजारी बसलेल्या सरांनी न बोलता नॉब ओढला, तर इंजिन आणखीच अडखळलं! नवखा माणूस इथेच घाबरून नॉब परत आत ढकलतो. ढकलायचा नाही. वितळलेलं पाणी इंजिनातून जातंय म्हणून ते धडधडतं, मग आरपीएम आपोआप चढतात. नॉब पूर्ण ओढायचा, आणि पॉवर कमी करण्याआधी. ही गरम हवा एक्झॉस्टच्या उष्णतेवर मिळते. इंजिन मंदावलं की तीही कोमट.

तिकडची खरी मेहनत जमिनीवरची. उणे 12 च्या खाली बहुतेक इंजिनं आधी गरम करून मगच सुरू करा, असं विमानाची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी सांगते. नाहीतर तेलाची काकवी झालेली असते. पंखावर सँडपेपरइतका खरखरीत हिमाचा थर असला तरी उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते.

आपल्याकडे पंखावर नुसतं दव. पण अर्ध्या रिकाम्या टाकीत तेच दव आतून धरतं, म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची आणि सकाळी तळातून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढून बघायचं. विमानाचं पेट्रोल, 100 एलएल, निळसर असतं, पाणी खाली बिनरंगी बसतं. धुक्याचं तर काय सांगू, मोहोराला नडतं तेच वैमानिकालाही नडतं. चिपी विमानतळाच्या सड्यावर ऊन दिसलं तरी खाली खाडी दिसेपर्यंत चहा घ्यावा.

भाच्याला एवढं विचारा, विमान कोणतं? सेसना 152 असेल तर कार्ब्युरेटर आहे. नव्या 172 ला फ्युएल इंजेक्शन, तिथे हा नॉबच नसतो.