लेकीचं अकाऊंट, आजीचा फोन आणि नागपूरचं बंद घर

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरच्या धरमपेठेतले, आता अमेरिकेत डॅलसला असतो. लेक पंधरा वर्षांची आहे, कथ्थक शिकते आणि इन्स्टाग्रामवर रील्स टाकते. तिला अकाऊंट पब्लिक हवंय, तिचे बाबा प्रायव्हेटवर अडून बसलेत. नागपूरला सासूबाईंना नातवंडांचं सगळं बघायचं असतं. काय करावं?

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकता येईल. फक्त एकाच अकाऊंटवर ते जमणार नाही.

लेकीचं अकाऊंट उघडून तिच्यासोबत एकदा खालपर्यंत बघा. कथ्थकच्या रील्सच्या मध्येमध्ये शाळेचं नाव छापलेला टीशर्ट, मैत्रिणीचा वाढदिवस, रोजची बस असं काय काय सापडेल. तिचे कथ्थकचे तोडे-तुकडे चार अनोळखी रसिकांनी पाहिले तर बिघडत नाही, पण ती रोज कुठे असते हे त्यांना कळायचं कारण नाही. म्हणून नाचाचं अकाऊंट वेगळं काढा, ते पब्लिक ठेवा आणि तुम्ही चालवा. अकाऊंट आई सांभाळते हे बायोत लिहून टाका. क्लासचं नाव आणि वेळ नको, लोकेशन नको, आणि व्हिडिओ क्लासमधून घरी आल्यावरच टाकायचा.

तिचं स्वतःचं अकाऊंट प्रायव्हेटच हवं. इन्स्टाग्रामने सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेत किशोरवयीनांची अकाऊंट आपोआप प्रायव्हेट करायला घेतली, आणि सोळाच्या आतल्या मुलांना ती सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. मात्र अकाऊंट काढताना वय वाढवून टाकलेलं असेल, तर हे संरक्षण तिच्यापर्यंत पोचतच नाही. आधी तेवढं तपासा. अकाऊंट ‘प्रोफेशनल’ (व्यवसायाचं किंवा क्रिएटरचं) करून ठेवलं असेल तर ते प्रायव्हेट होतच नाही, आधी साधं करून घ्यावं लागतं.

आणि प्रायव्हेट केलं म्हणजे झालं, असं समजू नका. आधीचे फॉलोअर्स तसेच राहतात. दाराला कडी लावली, पण बैठकीत कोण कोण बसलंय ते पाहिलंच नाही, तशातली गत. यादी लेकीसमोर उघडा आणि एकेका नावावर थांबून विचारा, हा कोण? ज्याचं उत्तर तिला देता येत नाही, तो काढायचा. काढलेल्याला तशी सूचना जात नाही, त्यामुळे अवघडलेपणाही येत नाही. प्रोफाइलचा फोटो, नाव आणि बायो प्रायव्हेटमध्येही सगळ्यांना दिसतात, तेव्हा तिथे शाळा-इयत्ता नको.

आता सासूबाई. माझ्या मते तुमच्या घरातलं सगळ्यात उघडं अकाऊंट त्यांचंच निघेल. समजा तुम्ही धाकट्याचा तान्ह्या पोळ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलात. पोराच्या हातात सजवलेला लाकडी बैल, मागे तुमच्या दारावरचा घर नंबर. आजीला कौतुक आवरत नाही, फोटो फेसबुकवर जातो आणि कॉलनीतल्या भजनी मंडळापासून पार अनोळखी माणसांपर्यंत पोचतो. तुमची सगळी अकाऊंट प्रायव्हेट असून त्याचा काही उपयोग होत नाही, कारण फोटो कोणाला दिसणार हे टाकणाऱ्याच्या सेटिंगवर ठरतं. मामा-काकांच्या अकाऊंटचंही तेच.

आजीला रागवायचं नाही. नातवंडं हजारो मैलांवर आहेत, फोटो हाच त्यांचा सहवास. त्यांना एवढंच दाखवा : पोस्टवर नावाखाली, तारखेशेजारी एक बारीक चिन्ह असतं. पृथ्वीचा गोल असेल तर जगाला दिसतं, दोन माणसं असतील तर फक्त फ्रेंड्सना. फेसबुकने 2020 मध्ये भारतात प्रोफाइल लॉकची सोय आणली. ते लॉक लावलं की जुन्या पब्लिक पोस्टही फ्रेंड्सपुरत्याच राहतात. हे फोनवर समजावणं कठीण आहे, नागपुरातल्या एखाद्या भाच्याला किंवा पुतण्याला घरी पाठवा. फ्रेंड्सची यादीही त्यालाच चाळायला सांगा.

हे मी नेटाने सांगतेय, त्याला नागपूरचंच एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 45 च्या घरात जातो, आणि कितीतरी आईवडील तेवढ्यात लेकाकडे-लेकीकडे निघतात. विमानतळावरचा हार घातलेला फोटो, ‘सहा महिने अमेरिकेत’ अशी ओळ, आणि घर बंद. बंद घर हेरणाऱ्याला आणखी काय लागतं? निघतानाचे फोटो परत आल्यावर टाकायचे, हे सासऱ्यांनाही पटवा. तुम्ही सगळे डॅलसचं घर बंद करून दिवाळीला इकडे येता, तेव्हाही हाच नियम.

आणखी एक, व्हिसाचं. तुम्ही एच-1बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल आणि नागपूरला आल्यावर स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायला मुंबईला जाणार असाल, तर अमेरिकेने 15 डिसेंबर 2025 पासून एच-1बी आणि एच-4 (एच-1बीवाल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांना सोशल मीडिया अकाऊंट पब्लिक ठेवायला सांगितलंय. विद्यार्थी व्हिसासाठी ही सूचना जून 2025 मध्येच आली होती. लेक एच-4वर असेल तर तीही यात आली. व्हिसाच्या अर्जाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली अकाऊंट विचारतात, तिथे काही लपवू नका. म्हणून फॉलोअर्सची सफाई आणि शाळा-पत्ता दाखवणाऱ्या फोटोंची आवराआवर आत्ताच करून घ्या, म्हणजे ते काही आठवडे अकाऊंट उघडं राहिलं तरी त्यात तिचा ठावठिकाणा नसेल. निघण्याआधी कॉन्सुलेटच्या साइटवर ताजी सूचना वाचा, आणि व्हिसा लागून पासपोर्ट हातात आला की लेकीचं अकाऊंट पुन्हा प्रायव्हेट करा.