पोरगी खोटं बोलतीय?

प्रश्न: ताई, नेटफ्लिक्सवरची ‘अनबिलिव्हेबल’ मालिका बघितली, त्यात अत्याचार झालेल्या मेरीलाच पोलीस खोटारडी ठरवतात. सासूबाई म्हणतात, दरवेळी वेगळंच सांगतीय म्हणजे खोटंच असणार. खरंच असं घडलंय का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: घडलंय की! २००८ साली, वॉशिंग्टन राज्यातल्या लिनवूडमध्ये. १८ वर्षांची पोरगी, तिला तेच तेच विचारून एवढी बेजार केली की शेवटी ‘मी खोटं बोलले’ असं लिहून दिलं बिचारीनं, आणि वर खोट्या तक्रारीची केस तिच्यावरच! पुढं २०११ मध्ये कोलोरॅडोत दोन बायका डिटेक्टिव्हनी असेच अत्याचार करणारा माणूस पकडला तर त्याच्याकडं हिचे फोटो, छातीवर हिचंच लर्निंग लायसन्स ठेवून काढलेले. सासूबाईंना सांगा, एवढ्या धक्क्यातनं आलेल्या माणसाला सगळं ओळीनं आठवत नाही, त्यात परत परत उलटतपासणी केली की तपशील इकडचे तिकडं होणारच. आणि हो, आपल्याकडं अशी तक्रार हद्द कुठलीही असू दे, कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर म्हणून घ्यावीच लागते, तीही महिला ऑफिसरनं लिहून घ्यायची, ‘तिकडं सदर बझारला जावा’ म्हणून परत पाठवता येत नाही.