वाचकांचे प्रश्न : सिरॅमिक निम्मे कापून टाकले, तरी प्रोब चांगला कसा?

प्रश्न : मी बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोनोग्राफीच्या प्रोबमधले सिरॅमिक व्होल्टेज दिले की कंप पावते, हे समजले. पण चांगल्या प्रोबमध्ये त्याच सिरॅमिकला उभ्या-आडव्या चिरा पाडून त्यांत इपॉक्सी हा पॉलिमर भरतात म्हणे. इपॉक्सी तर व्होल्टेजला दादच देत नाही. काम करणारा पदार्थ निम्म्याने कमी केल्यावर प्रोब दुबळा का होत नाही?

उत्तर : प्रोब बनवायला शिकत होतो तेव्हा मलाही हेच पटत नव्हते. उरलेल्या सिरॅमिकला हालायला मोकळीक मिळते, हे त्याचे मर्म आहे. अखंड चकतीला व्होल्टेज दिले की ती जाड होऊ पाहते. जाड होताना तिला आडवे आकसावे लागते. पण तिच्या प्रत्येक कणाला शेजारच्या सिरॅमिकने चहूकडून आवळून धरलेले असते. आकसता येत नाही, म्हणून जाडीही मनासारखी वाढत नाही. तीच चकती कापून बारीक खांब केले आणि मधे मऊ इपॉक्सी भरले, की प्रत्येक खांब हवा तसा आकसतो, फुगतो. पीझेडटीच्या, म्हणजे प्रोबमधल्या नेहमीच्या सिरॅमिकच्या, अखंड चकतीचा कपलिंग गुणांक साधारण ०.५ असतो; कंपोझिटचा, म्हणजे खांब आणि इपॉक्सीच्या या जोडपदार्थाचा, ०.६ ते ०.७ भरतो. या गुणांकाचा वर्ग म्हणजे विजेचा किती हिस्सा हालचालीत उतरतो त्याचे माप. ०.५ चा वर्ग पाव, ०.६५ चा चाळीस टक्क्यांच्या वर. पदार्थ कमी झाला आणि काम वाढले!

दुसरा लाभ मला याहून मोलाचा वाटतो. लाटेला पदार्थ किती अडवतो, त्याला अकूस्टिक इम्पीडन्स म्हणतात. तो मेगारेल या एककात मोजतात. पीझेडटीचा सुमारे ३३ मेगारेल, शरीराचा जेमतेम १.५. थेट टेकवले तर ऊर्जेचा सहावा हिस्सा शरीरात शिरतो, बाकीची सीमेवरूनच माघारी फिरते. कंपोझिट १५ मेगारेलच्या आसपास आणता येते. मग तिसरा हिस्सा आत जातो. वर मॅचिंग लेयर, म्हणजे दोघांच्या मधल्या इम्पीडन्सचा थर, लावला की आणखी सुधारणा होते, आणि हा थर जुळवणेही सोपे जाते. जी ऊर्जा आत जात नाही ती सिरॅमिकमध्येच घुमत राहते, म्हणजे घंटेसारखी वाजत राहते. ५ मेगाहर्ट्‌झला शरीरातली लाट ०.३ मिलिमीटरची असते. दोन आवर्तनांत आवाज थांबला, तर एकामागे एक ०.३ मिलिमीटरवर असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. सहा आवर्तने घुमत राहिला, तर ०.९ मिलिमीटरच्या आतले सगळे एकच दिसते. बारीक गाठीची कड शोधणाऱ्या डॉक्टरांना हा फरक फार मोठा असतो.

मग नुसताच पॉलिमर का वापरू नये, असे तुम्ही पुढे विचाराल. पीव्हीडीएफ नावाचा पॉलिमर स्वतः पिझोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे दाबले की वीज देतो आणि वीज दिली की हालतो, हे कवाई यांनी १९६९ मध्ये दाखवले. त्याचा इम्पीडन्स ४ च्या आसपास, म्हणजे शरीराला बराच जवळचा. ऐकायला तो उत्तम, म्हणून हायड्रोफोनमध्ये, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनमध्ये, हमखास असतो. बोलायला मात्र क्षीण. सिरॅमिक आणि पॉलिमर दोघांचे गुण एकत्र आणायची रीतसर मांडणी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात न्यूनहॅम आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केली. तुम्ही वाचलेला प्रकार म्हणजे त्यांचे '१-३' कंपोझिट : सिरॅमिक एकाच दिशेने सलग, पॉलिमर तिन्ही दिशांनी.

कागदावर सोपे वाटते, पण हातांची कसोटी लागते. हिऱ्याच्या पात्याने एका दिशेने चिरा पाडायच्या, मग आडव्या. तळ मात्र अखंड ठेवायचा; इपॉक्सी घट्ट झाल्यावर तो घासून काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली ०.१ मिलिमीटर रुंद आणि त्याच्या चौपट उंच खांब ब्रशच्या केसांसारखे ओळीने उभे दिसतात. माझ्या पहिल्या चकतीत मी निर्वात न करताच इपॉक्सी ओतले. वरून ते काचेसारखे स्वच्छ दिसत होते. तळ घासून काढला तेव्हा चिरांच्या बुडाशी बुडबुड्यांची रांग उघडी पडली, खांबांच्या कडा ढासळल्या आणि सोन्याचा इलेक्ट्रोड त्या खळग्यांवर तुटला. दोन आठवड्यांची मेहनत वाया गेली, त्याचे आजही वाईट वाटते. तेव्हापासून इपॉक्सी किंचित कोमट करून, आधी त्यातली हवा उपसून मगच ओततो. प्रयोगशाळेत संधी मिळाली तर तळ घासताना हजर राहा. खरी परीक्षा तिथेच होते.

प्रश्न : आमचा लिनियर प्रोब हातातून पडला. आता चित्रात वरच्या भागात एक काळी उभी रेघ दिसते. प्रोब बाद झाला का?

उत्तर : प्रोबच्या तोंडाशी ओळीने बसवलेले सिरॅमिकचे बारीक तुकडे म्हणजे एलिमेंट; त्यांतले काही मुके झालेले दिसतात. जेल न लावता, कोरड्या प्रोबच्या तोंडावर सरळ केलेल्या पेपरक्लिपची तार आडवी टेकवून हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकवा. जिवंत एलिमेंटवर तारेखाली चकचकीत पट्टे उमटतात, मेलेल्यावर ते फिके पडतात किंवा नाहीसे होतात. खोलवर रेघ पुसट होते, कारण तिथे शेजारचे एलिमेंट मिळून उणीव भरून काढतात. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका : डॉपलरचे, म्हणजे रक्ताच्या वेगाचे, माप चुकू शकते. दोष सिरॅमिकचा की केबलच्या तारेचा, हे दुरुस्ती करणाऱ्याला एकेक एलिमेंट तपासूनच कळेल. तोंडाच्या रबरी भिंगाला चीर गेली असेल, तर तो प्रोब रुग्णावर मुळीच वापरू नका.