वहीतले पत्ते आणि क्लस्टरची नोकरी

महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपण ऐरोलीहून लिहिता की, ठाण्यात बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला असलेला आपला मुलगा सुट्टीभर वहीत यंत्रांचे पत्ते आणि मेमरीचे हिशेब मांडत बसतो, त्याला सुपरकॉम्प्युटरचे क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या यंत्रांचे समूह, सांभाळायचे आहेत, आणि क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांच्या, काळात हे कारकुनी काम टिकेल का, अशी आपल्याला काळजी वाटते. काम कारकुनी दिसते खरे. पण त्यातली चूक दोन वर्षांनी उघडी पडते, म्हणूनच ते नीट करणाऱ्याला मागणी असते.

दोनशे नोडांचा, म्हणजे दोनशे यंत्रांचा, क्लस्टर घ्या. प्रत्येक नोडला सहसा तीन आयपी पत्ते लागतात: इथरनेट या नेहमीच्या जाळ्याचा, इन्फिनिबँड या वेगवान जाळ्याचा, आणि नोड बंद पडला तरी दुरून चालू करता यावा म्हणून बीएमसीचा, म्हणजे नोडमधल्या छोट्या देखरेख-चिपचा. प्रत्येक जाळ्याला २५४ पत्त्यांचा पट्टा आज पुरतो, पण आणखी शंभर नोड आले की अपुरा पडतो, आणि चालत्या क्लस्टरचे पत्ते बदलायचे तर सगळ्यांची कामे थांबवावी लागतात. १० ने सुरू होणारे खासगी पत्ते विकत घ्यावे लागत नाहीत, मग १०.१, १०.२ आणि १०.३ असे तीन मोठे पट्टे राखून तिन्हींत शेवटचे दोन आकडे रॅक (यंत्रे ठेवायचे कपाट) आणि नोडचे ठेवले, तर १०.२.७.१५ वाचताच रात्रपाळीच्या माणसाला सातव्या रॅकमधला पंधरावा नोड सापडतो.

मेमरीचा हिशेब अधिक फसवा असतो. एका नोडमध्ये ४८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणक) आणि १९२ जीबी मेमरी म्हणजे कोअरमागे ४ जीबी, असे कोणीही सांगेल. परंतु लिनक्स ही कार्यप्रणाली आणि फाइल सिस्टिम यांसाठी ८ जीबी बाजूला ठेवले की १८४ उरतात, आणि प्रत्येक कोअरमागे ४ जीबी मागणारी कामे आली तर ४६ कोअरच भरतात, दोन रिकामे बसतात. कामांना नोड वाटून देणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरमध्ये कोअरमागची मूळ मर्यादा ३.८ जीबी ठेवली, तर ज्या कामांना तेवढी पुरते त्यांच्यासाठी सगळे ४८ वापरात येतात. मुलाच्या वहीत ही वजाबाकी आहे का, ते विचारा.

क्लाउडमध्येही खासगी पत्त्यांचा पट्टा आरंभीच ठरवावा लागतो, त्यामुळे ती भीती नको. महागडा क्लास तूर्त लावू नये. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर दोन-दोन जीबीची तीन आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने बनवलेली यंत्रे) उभी करून त्यांवर स्लर्म बसवावे, मुद्दाम मेमरी संपवून कोणते काम मारले जाते ते पाहावे आणि कारण लिहून ठेवावे. मुलाखतीत ते कागद प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतील. पुढे एमसीए किंवा एम.एस्सी. आयटी केले, तर सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविकांसाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी; परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ मध्ये उभारणारी सरकारी संस्था ती हीच. संस्थेचे एक केंद्र खारघरला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही.