गरुडाला ‘मी’ म्हणता येत नाही

प्रश्न: वर्षभर मी मित्रांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवत गोष्ट खेळायचा खेळ चालवतोय. माझा गॉब्लिन, ड्रॅगन आणि बोलणारं झाड, तिघंही अगदी माझ्यासारखेच बोलतात. आवाज बदलायला जावं तर हशा पिकतो आणि अर्ध्या तासात घसा बसतो. नकला येत नसतील तर डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, काय करावं?

उत्तर: घशाला सुट्टी द्या. हे सगळं मी भोगलंय. माझ्या एका सरडेमानवाला मी प्रत्येक ‘स’ लांबवून बोलायला लावलं होतं. पहिली पाच मिनिटं धमाल आली. मग तो तळघराची वाट सांगायला लागला आणि दर वाक्याला “काय म्हणाला?” सुरू झालं. तिसऱ्यांदा मी मुकाट्यानं माझ्या आवाजात वाट सांगून टाकली. सरडा तिथेच मेला, कुणाची तलवार न लागता.

पुन्हा आणला तेव्हा आवाज माझाच ठेवला, फक्त त्याला ऊब दिसते असं ठरवलं. काही सापांच्या डोळ्या-नाकपुडीच्या मध्ये खळगी असते, तिच्यामुळे त्यांना भक्ष्याच्या अंगातली उष्णता कळते. ते उसनं घेतलं. तेव्हापासून तो कुणाला “कसा आहेस?” विचारत नाही. “आज गार आहेस,” म्हणतो. आमचा चोर थापा मारत होता, तेव्हा सरडा एवढंच म्हणाला, “तुझे कान तापलेत.” चोर खेळणाऱ्याचा हात खरोखर कानाकडे गेला.

म्हणजे आधी शरीर बघायचं, मग वाक्य. माझ्या गरुडाला चोच आहे, ओठ नाहीत. शाळेतली वर्णमाला आठवा: प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य. ते बंद, आणि ‘व’सुद्धा. (खरा पोपट ओठांशिवाय ‘मिठू’ म्हणून दाखवतो, ठाऊक आहे. आणि उ-ऊलाही ओठ लागतात, पण इतकं कडक राहिलात तर गरुड मुका होईल.) कागद घेऊन बसले. पाणी गेलं, जल आलं. मित्र गेला, सखा आला. मग लक्षात आलं, ‘मी’सुद्धा गेला! तेव्हा तो स्वतःकडे चोच वळवून “ह्याला तहान लागली” म्हणतो. ‘मेला’ हा शब्दही त्याच्याकडे नाही. युद्धाची बातमी त्यानं आणली ती अशी: “राजा आता नाही.” टेबलावरचे सगळे म्हणाले, काय भारदस्त बोलतो हा पक्षी. भारदस्त कसला, त्याला ओठ नाहीत.

व्याकरणात तर खजिनाच पडलाय. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. इंग्रजीत चालवणाऱ्यांना दोन्हींसाठी एकच शब्द. वारुळातल्या मुंगीमाणसांना मी ‘मी’ दिलाच नाही. “आम्हाला भूक आहे. आमचा एक पाय तुटलाय.” कित्येक सेशन असंच चाललं. मग भुयार कोसळलं, खेळाडूंची टोळी आत अडकली, आणि त्यांच्यातली एक म्हणाली, “आपण डावीकडून जाऊ.” दोन क्षण कुणी फासे उचलले नाहीत. मी काहीच समजावलं नव्हतं.

केंकू वापरायचा असेल तर वही ठेवा. 2014च्या नियमांत हे कावळ्यासारखे लोक फक्त ऐकलेलेच आवाज काढू शकतात. खेळाडूंची वाक्यं टिपून ठेवा आणि महिन्याभरानं त्यांनाच ऐकवा.

तुमच्या झाडाचं सोपं आहे: त्याच्याकडे काल आणि उद्या नसावेत, फक्त पानगळ आणि पालवी. गॉब्लिनला प्रश्नच विचारू द्या, उत्तराची वाट न बघता. ड्रॅगननं समोरच्याचं नाव कधीच घेऊ नये. शेकडो वर्षं जगणाऱ्याला नावं लक्षात ठेवायचा कंटाळा येणारच. “तो भाला घेतलेला” पुरे.

पण हे एका सेशनला दोघांपुरतंच ठेवा. मी एकदा सहा जणांना सहा नियम लावले आणि गरुडच “मी” म्हणून मोकळा झाला. खानावळवाला तुमच्यासारखाच बोलला तरी चालतं.