आजी वृद्धाश्रमात आहे. तिथे काळजी नीट घेतात की नाही, हे भेटीत कसं तपासावं?

न कळवता जा, शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या वेळी किंवा सुट्टीच्या दिवशी. तेव्हा कर्मचारी कमी असतात, म्हणून उणिवा तेव्हाच उघड्या पडतात. रात्रपाळीला किती जण असतात आणि त्यातले जागे किती, हे स्पष्ट विचारा.

आजी फारशी उठत नसेल तर तिच्या टाचा, माकडहाड आणि नितंब आधी बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही; तिथे गरम किंवा टणक लागणारी जागा शोधा. मग कूस बदलल्याचा तक्ता मागा. साधारण दर २ ते ४ तासांनी नोंद हवी. सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात आणि अगदी ठोक्याला असतील, तर तो तक्ता पाळी संपताना एकदम भरला असावा.

महिन्याला वजन करतात का? एका महिन्यात ५ टक्के उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पाण्याचा पेला तिच्या हाताशी आहे ना, तेही बघा. पलीकडच्या टेबलावर भरून ठेवलेला पेला तिच्या काहीच कामाचा नाही.

औषधांच्या तक्त्यावर गोळी देताक्षणी सही व्हायला हवी. गुंगीचं औषध नव्याने सुरू झालं असेल तर कारण विचारा. सांभाळायला माणसं कमी म्हणून झोपवून ठेवणं हा अन्यायच आहे.

आणि ‘आमच्याकडे कुणी कधीच पडत नाही’ असं सांगितलं, तर समजा की नोंदच ठेवत नाहीत.