वाचकांचे प्रश्न : शाळा बंद करण्याचा निर्णय नेमका कधी होतो?

कॅलिफोर्नियातील मराठी पालकांकडून स्कूल बोर्डाच्या (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एखाद्या भागातील सरकारी शाळा चालवणारी संस्था, तिच्या निवडून आलेल्या मंडळाच्या) कारभाराविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये पटसंख्या घटल्यामुळे माझ्या मुलीची प्राथमिक शाळा बंद होणार, अशी कुणकुण लागली. म्हणून आम्ही काही पालक बोर्डाच्या बैठकीला गेलो आणि खुल्या निवेदनांच्या वेळी बोललो. एकाही सदस्याने आमच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पुढच्या बैठकीच्या जेमतेम तीन दिवस आधी तो विषय विषयपत्रिकेवर आला आणि त्याच रात्री ठरावही झाला. मग आमचे म्हणणे ऐकून घेण्याला अर्थ काय उरला? (एक आई, सांता क्लारा काउंटी)

उत्तर : पहिल्या बैठकीतील मौनामुळे आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण ते मौन अनादरातून आलेले नसावे. कॅलिफोर्नियात सार्वजनिक संस्थांच्या बैठका खुल्या ठेवण्यासाठी १९५३ पासून लागू असलेल्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार जो विषय विषयपत्रिकेवर नाही त्यावर बोर्डाला चर्चा करता येत नाही आणि निर्णयही घेता येत नाही. सदस्य फार तर एखादे वाक्य बोलू शकतात किंवा अधीक्षकांना माहिती घ्यायला सांगू शकतात. जे नागरिक त्या बैठकीला आलेले नाहीत त्यांच्या पाठीमागे एखादा विषय उरकला जाऊ नये, यासाठी हे बंधन आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी आणि विशेष बैठकीची किमान २४ तास आधी जाहीर झाली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्याला मिळालेले तीन दिवस म्हणजे कायद्याने सांगितलेली किमान मुदत होती. बोर्डाने तेवढ्यावरच थांबायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही या तीन दिवसांत निर्णय बदलवण्याची आशा धरणे कठीण असते, कारण निर्णयाचा पाया तोपर्यंत अनेक महिने आधी घातला गेलेला असतो. प्रत्येक डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा, १५ डिसेंबर आणि १५ मार्चपर्यंत, अंतरिम आर्थिक अहवाल मंजूर करावा लागतो आणि त्यात चालू वर्षासह पुढील दोन वर्षांचा अंदाज मांडलेला असतो. पटसंख्येचा अंदाज, तुटीचा आकडा आणि खर्चकपातीचे गृहीतक हे सारे तिथे पहिल्यांदा दिसते. ज्या वर्षी डिसेंबरच्या अहवालात ‘शाळांची पुनर्रचना’ असे मोघम शब्द येतात, त्याच महिन्यात पालकांनी बैठकीला जायला हवे. त्या वेळी कोणत्याही शाळेचे नाव पुढे आलेले नसते आणि सदस्यांची मतेही बनलेली नसतात.

क्युपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना जवळचे आहे. तेथील बोर्डाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रेगनार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या गावाची ख्यातीच उत्तम शाळांसाठी आहे तिथे असे का व्हावे, असा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला. त्याचे उत्तर पैशाच्या सूत्रात आहे. २०१३ मध्ये लागू झालेल्या सूत्रानुसार राज्य प्रत्येक मुलामागे इयत्तेनुसार एक मूळ रक्कम देते. इंग्रजी शिकत असलेली मुले, कमी उत्पन्नाच्या घरांतील मुले आणि पालनगृहातील मुले यांच्यासाठी त्यावर २० टक्के जादा मिळतात, आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले तर आणखी निधी मिळतो. हे सूत्र न्याय्य आहे, कारण ज्या मुलांना अधिक आधार लागतो त्यांच्याकडे पैसा जातो. परंतु क्युपर्टिनोसारख्या ठिकाणी अशी मुले कमी असल्यामुळे डिस्ट्रिक्टला तेव्हा बव्हंशी मूळ रकमेवरच भागवावे लागत होते. दुसरीकडे घरांच्या किमती इतक्या चढल्या की लहान मुले असलेल्या कुटुंबांना तिथे घर घेणे परवडेना, आणि पटावरची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली. याच भागातील नववी ते बारावीच्या शाळा फ्रीमॉंट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट या वेगळ्या संस्थेच्या आहेत (फ्रीमॉंट शहराशी तिचा संबंध नाही) आणि तिचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून चालतो. अशा डिस्ट्रिक्टमध्ये एक विद्यार्थी कमी झाला म्हणून उत्पन्न घटत नाही. त्यामुळे आपल्या मुलीची शाळा कोणत्या डिस्ट्रिक्टची आहे आणि तिला पैसा कोणत्या मार्गाने येतो, ही दोन उत्तरे हाती असल्याखेरीज बोर्डापुढे केलेला कोणताही युक्तिवाद लंगडा पडतो.

आता काय करता येईल, तेही सांगतो. विषयपत्रिकेला जोडलेली सर्व कागदपत्रे सार्वजनिक असतात, ती मुळातून वाचा. शाळा बंद केल्याने नक्की किती बचत होणार, हा आकडा मागा आणि तो कशाचा बनला आहे हे विचारा, कारण मुले दुसऱ्या शाळेत गेली की बहुतेक शिक्षकही त्यांच्यासोबत जातात आणि खरी बचत मुख्याध्यापक, कार्यालय, स्वच्छता व वीज अशा खर्चांपुरतीच उरते. ही माहिती मिळत नसेल तर सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली लेखी अर्ज करा. नोंदी देणार की नाही, हे डिस्ट्रिक्टला दहा दिवसांत कळवावे लागते. डिस्ट्रिक्टच्या कामकाजाशी थेट संबंधित विषय विषयपत्रिकेवर ठेवण्याची मागणी करण्याचा हक्कही राज्याच्या शिक्षण संहितेने नागरिकांना दिला आहे, आणि मराठी पालक तो क्वचितच वापरतात याचे मला मनापासून दुःख वाटते. एकच निवेदन चाळीस जणांनी वाचून दाखवण्यापेक्षा अहवालातील पानाचा क्रमांक सांगून विचारलेला एक प्रश्न अधिक काम करतो. शिवाय बंद पडलेली इमारत विकायची वा भाड्याने द्यायची असेल तर आधी सात ते अकरा सदस्यांची सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिच्यात पालकांनाही स्थान असते. आपल्या शाळेच्या जागेचे पुढे काय होणार हे त्या समितीपुढे येईल, तेव्हा तिथे नाव द्यायला अजून उशीर झालेला नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई नातवाला रोज शाळेत पोहोचवतात आणि शाळेसमोरच्या रस्त्यावरील धोका त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही. त्या बोर्डापुढे मराठीत बोलू शकतात का? (एक सून, सॅन होजे)

उत्तर : अवश्य बोलू शकतात. आपण किंवा दुसऱ्या कोणी दुभाषी म्हणून शेजारी उभे राहावे. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा तिथे नसेल, तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या व्यक्तीला इतरांच्या किमान दुप्पट वेळ देणे कायद्याने बंधनकारक आहे. बैठकीला हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्तीही करता येत नाही. आजींनी स्वतः पाहिलेले स्वतःच्या भाषेत सांगावे, त्याचे मोल कोणत्याही लेखी निवेदनापेक्षा कमी नाही.

प्रश्न : दिवाळी आता राज्याची सुट्टी झाली असे वाचले. मग आमच्या शाळा त्या दिवशी का उघड्या? आणि डिसेंबरात भारतात जाण्यासाठी सुट्टीला दोन आठवडे जोडले तर शाळेकडून नाराजीचे पत्र का येते? (एक वडील, डब्लिन)

उत्तर : ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यपालांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आली, ही आपणा सर्वांना आनंद देणारी गोष्ट आहे. मात्र त्या कायद्याने सार्वजनिक शाळांना बंद राहण्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. शालेय दिनदर्शिका शिक्षक संघटनेशी वाटाघाटी करून ठरते, अनेक ठिकाणी ती एक-दोन वर्षे आधीच मंजूर झालेली असते आणि वर्षाचे १८० शिक्षणदिवस भरावेच लागतात. पुढच्या दिनदर्शिकेची बोलणी कधी सुरू होणार, हे आताच विचारा आणि ती सुरू होण्याआधी लेखी मागणी द्या. मागणी करताना ईद, चांद्र नववर्ष साजरे करणाऱ्या कुटुंबांना सोबत घेतलेत तर बोर्डाला ती नाकारणे अवघड जाईल आणि शेजारधर्मही पाळला जाईल.

दुसऱ्या प्रश्नाचा संबंध पुन्हा पैशाशी येतो. राज्याचा निधी पटावरील नावांनुसार ठरत नाही, तो प्रत्यक्ष हजेरीच्या सरासरीवर ठरतो. आजारपणाची रजासुद्धा त्यात हजेरी म्हणून धरली जात नाही. शाळेतील अनेक मराठी, तेलुगू, गुजराती कुटुंबे एकाच जानेवारीत उशिरा परतली तर त्याची झळ संपूर्ण डिस्ट्रिक्टला बसते. शिवाय विनापरवाना तीन पूर्ण दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाची नोंद कायद्याच्या भाषेत ‘ट्रुअंट’ (शाळा चुकवणारा) अशी होते. आजी-आजोबांना भेटणे मुलांच्या आयुष्यात महत्त्वाचे आहे, त्यात काटकसर करा असे मी सांगणार नाही. जाण्यापूर्वी शाळेकडे अल्पकालीन स्वतंत्र अभ्यासाचा लेखी करार मागा. करारानुसार दिलेला अभ्यास मुलाने पूर्ण करून परत दिला तर त्या दिवसांची हजेरी धरली जाते. विमानाची तिकिटे काढतानाच शाळेला कळवावे, म्हणजे शिक्षकांना अभ्यासक्रम आखायला वेळ मिळतो.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे, मुलगी इथे दुसरीत शिकते. बोर्डाच्या निवडणुकीत मला मत नाही, मग माझे कोण ऐकणार? (एक वडील, सनीवेल)

उत्तर : मत नागरिकांनाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१६ च्या सार्वमताने नागरिक नसलेल्या पालकांना केवळ स्कूल बोर्डापुरता मताधिकार मिळाला, पण सनीवेलला तो लागू नाही. इथे मतदार नोंदणीच्या कोणत्याही अर्जावर चुकूनही सही करू नका. वाहन परवान्याच्या कामात असा अर्ज समोर येतो आणि त्याचे परिणाम व्हिसावर होऊ शकतात.

मत नसले तरी बोलण्याचा, कागदपत्रे मागण्याचा आणि समित्यांवर काम करण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यातील शाळेची ‘स्कूल साइट कौन्सिल’ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्राथमिक शाळेत तिच्या निम्म्या जागा पालकांच्या व समाजातील प्रतिनिधींच्या असतात, पालक आपले प्रतिनिधी स्वतः निवडतात, आणि शाळेचा वार्षिक आराखडा व त्यातील खर्च हीच परिषद बोर्डाकडे पाठवते. डिस्ट्रिक्टच्या पातळीवर उद्दिष्टे आणि त्यांवरचा खर्च मांडणारा ‘जबाबदारी आराखडा’ असतो आणि त्यावर पालक सल्लागार समिती आपले मत देते. त्या आराखड्यावर जाहीर सुनावणी होते, तो त्यानंतरच्या वेगळ्या बैठकीत मंजूर केला जातो आणि १ जुलैपूर्वी हे सारे पूर्ण व्हावे लागते. म्हणजे वसंत ऋतूतील बैठकांत आपले म्हणणे आराखड्यात उतरवायला वाव असतो. साइट कौन्सिलच्या निवडणुका बहुधा शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतात, त्यामुळे शाळेच्या कार्यालयात नाव देण्यासाठी ऑगस्टमध्येच जावे.